‘लेआउट’ : बंगळुरूच्या पत्त्यात राहणारा शब्द

बंगळुरूत नव्याने नोकरीला आलेल्या मराठी तरुणाने घरी फोन करून आपला पत्ता सांगितला, की पलीकडून बहुधा एकच प्रश्न येतो : ‘लेआउट म्हणजे काय?’ एचएसआर लेआउट, सेक्टर अमुक, मेन तमुक, क्रॉस अमका. ऐकणाऱ्याला हा पत्ता कमी आणि गणिताचे कोष्टक अधिक वाटते. उर्वरित देशात लेआउट ही वस्तू कागदावर असते. वृत्तपत्राच्या पानाचा लेआउट असतो, दुकानाचा असतो, संगणकाच्या कळफलकाचाही असतो. बंगळुरूत मात्र माणसे लेआउटमध्ये राहतात, तेथेच भाजी घेतात आणि आयुष्यभराची बचत घालून तेथील एखादा तुकडा विकत घेतात.

हा प्रश्न सर्वच मराठी घरांतून येईल असे नाही. तरुण नागपूरचा असेल तर तो विचारला जाणार नाही, कारण विदर्भात लेआउट हा शब्द घरोघरी माहीत आहे. खामल्याजवळचे पांडे लेआउट नागपूरकरांच्या तोंडी आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला पेठ, वाडी, नगर, कॉलनी, सोसायटी हे शब्द ठाऊक असतात, लेआउट नसतो. एकाच इंग्रजी शब्दाने देशातील काही शहरांत घर केले आणि काही शहरांत केले नाही, यामागे नगररचनेचा इतिहास आहे. हा शब्द ऐकून लाखो रुपये मोजणाऱ्यांना तो नेमके कशाचे आश्वासन देतो, हा प्रश्नही त्या इतिहासाशीच जोडलेला आहे.

दोन साधे शब्द, अनेक अर्थ

‘ले’ आणि ‘आउट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीच्या अगदी जुन्या थरातले आहेत. ‘ले’ म्हणजे ठेवणे, पसरणे, निजवणे. ‘लाय’ म्हणजे पडून असणे या क्रियापदाचे ते प्रयोजक रूप आहे. मराठीत निजणे-निजवणे किंवा बसणे-बसवणे अशी जी जोडी आहे, तशीच ती जोडी. या दोन क्रियापदांत इंग्रजी मातृभाषा असणारेही गोंधळतात, ही गोष्ट इंग्रजीच्या धास्तीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना दिलासा देणारी आहे.

‘ले आउट’ हा क्रियापदाचा प्रयोग जुना आहे. त्याचा साधा अर्थ, सर्वांना दिसेल अशा रीतीने वस्तू पसरून ठेवणे. कपडे पलंगावर काढून ठेवणे, बागेचे वाफे आखणे, पैसे खर्च करणे आणि मृतदेह स्वच्छ करून नीट निजवणे, या सगळ्यांसाठी इंग्रजीत हाच प्रयोग चालतो. हेच दोन तुकडे उलट क्रमाने जोडले की ‘आउटले’ होते. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ज्याला ‘परिव्यय’ म्हणतात, तो हा शब्द.

‘लेआउट’ हे जोडनाम मात्र तुलनेने नवे. ते एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळले. तेथील जुगाराच्या अड्ड्यांवर ‘फेअरो’ नावाचा पत्त्यांचा खेळ लोकप्रिय होता. टेबलावर तेरा पत्ते चिकटवलेला एक पट असे आणि खेळणारा हव्या त्या पत्त्यावर पैसे ठेवी. त्या पटाला ‘लेआउट’ म्हणत. मराठीत आपण ‘पट मांडला’, ‘डाव मांडला’ म्हणतो, तोच हा भाव. पुढे छापखान्यांनी हा शब्द पानाच्या रचनेसाठी घेतला, कारखान्यांनी यंत्रांच्या जागांसाठी घेतला आणि नगररचनाकारांनी रस्ते व भूखंडांच्या आखणीसाठी घेतला. जुगाराच्या टेबलावरून तो जमिनीच्या व्यवहारात आला, असे थेट म्हणता येणार नाही. पण हा योगायोग पुढील हकिकत वाचताना आठवत राहतो.

या शब्दाचे आणखी एक नाते लक्षात घेण्याजोगे आहे. कायदा या अर्थाचा ‘लॉ’ हा शब्द इंग्रजीला स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून मिळाला. त्याचा मूळ अर्थ ‘घालून दिलेले’, ‘ठेवलेले’ असा आहे आणि त्याचे मूळ ‘ले’शी जुळते. म्हणजे लॉ आणि लेआउट हे एकाच कुळातले. मराठीही ‘नियम घालून दिला’ असेच म्हणते.

मराठीत लेआउटसाठी बोलीतला सर्वांत जवळचा शब्द ‘मांडणी’. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळीलाही आपण मांडणीच म्हणतो. महाराष्ट्राच्या नगररचना विभागाचे कागद मात्र ‘रेखांकन’ किंवा ‘अभिन्यास’ हे शब्द वापरतात. अभिन्यास हा शब्द कानाला जड वाटला तरी तो अचूक आहे. संस्कृतात ‘अस्’ या एका धातूचा अर्थ टाकणे असा आहे. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागला की खाली ठेवणे असा अर्थ होतो. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, विन्यास म्हणजे रचना आणि सर्व काही खाली ठेवणे म्हणजे संन्यास. नागपूर सुधार प्रन्यासाच्या नावातील ‘प्रन्यास’ही याच घरातला. प्रन्यासाने अभिन्यास मंजूर करावा, हे वाक्य व्युत्पत्तीच्या अंगानेही मोठे जुळून आले आहे.

नांगराने आखलेली दोन शहरे

बंगळुरूत लेआउट हा शब्द येण्यापूर्वी पेठ होती. विजयनगरचे मांडलिक असलेल्या पहिल्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये येथे किल्ला आणि पेठ वसवली. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जेथे मिळतात, त्या चौकातून चार नांगरांनी चार दिशांना तास काढले आणि त्या रेषांचे रस्ते झाले, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते. मराठी वाचकाला येथे पुण्याचा सोन्याचा नांगर आठवल्याशिवाय राहणार नाही. या दोन शहरांना जोडणारा एक माणूसही आहे. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. पुण्याची जहागीरही त्यांचीच.

त्या पेठेची आखणी व्यवसायानुसार होती. तांदळाची अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कापसाची कॉटनपेट. ‘अक्की’ म्हणजे तांदूळ आणि ‘बळे’ म्हणजे बांगडी एवढे कानडी आले, की पत्ता आपोआप समजतो. कोण काय विकतो यावरून तेव्हा जागेला नाव मिळे. पुण्यातील पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात. बंगळुरूने मालाची नावे पसंत केली. इंग्रजांनी १८०९ मध्ये पेठेच्या ईशान्येला लष्करी छावणी वसवली आणि शहराचे दोन भाग झाले. छावणीत रस्ते रुंद होते, बंगले होते. पेठेत दाटी होती.

ही दाटी १८९८ मध्ये जिवावर बेतली. मुंबई आणि पुण्यात १८९६-९७ मध्ये थैमान घालणारा प्लेग रेल्वेच्या मार्गाने त्या वर्षी बंगळुरूत पोहोचला. साथीनंतर म्हैसूर संस्थानाने पेठेबाहेर नव्या वस्त्यांवर भर दिला आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या वस्त्या आकाराला आल्या. सरळ काटकोनात मिळणारे रस्ते, घरांच्या मागून सफाईसाठी अरुंद गल्ल्या, मध्यभागी बाजार आणि देऊळ अशी ती आखणी होती. हवा खेळली पाहिजे आणि मैला घरासमोरून जाता कामा नये, हा तिच्यामागचा विचार. या वस्त्यांना नाव मिळाले ‘एक्स्टेन्शन’, म्हणजे शहराचा वाढीव भाग. कानडीत त्यासाठी ‘बडावणे’ हा शब्द आहे. मराठी कानाला तो ‘वाढवणे’च्या जवळचा वाटतो.

त्याच प्लेगने मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला घातला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी आणि पारसी कॉलनी या त्याच्या योजनांतून उभ्या राहिल्या. म्हणजे रोग एक, उपायही जवळपास एकच. पण मुंबईने ‘कॉलनी’ हा शब्द उचलला आणि बंगळुरूने ‘एक्स्टेन्शन’. शहर सुधारणेचे मंडळ स्थापून त्याच्याकडे भूसंपादन आणि आखणीचे अधिकार देण्याची ही पद्धत पुढे देशभर पसरली. नागपुरात १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला. बंगळुरूत १९४५ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आले. १९४८ मध्ये पायाभरणी झालेले जयनगर हे या काळाचे सर्वांत ठळक उदाहरण. तेथे पत्ता ‘ब्लॉक’ने सांगतात. चौथा ब्लॉक म्हटले की जुना बंगळुरूकर बाजारच समजतो.

१९७६ मध्ये या बोर्डाच्या जागी बंगळुरू विकास प्राधिकरण, म्हणजे सर्वतोमुखी ‘बीडीए’, स्थापन झाले. त्याच्या कायद्याच्या ३२ व्या कलमात नवीन ‘एक्स्टेन्शन किंवा लेआउट’ परवानगीवाचून करण्यास मनाई आहे. दोन्ही शब्द कायद्याने शेजारी शेजारी बसवले. बोलण्यात मात्र यानंतरच्या वस्त्यांसाठी लेआउटच जिंकला.

पत्त्याचे कोडे

नव्या लेआउटना नावे देताना कल्पकतेपेक्षा सोय पाहिली गेली. बीटीएम लेआउट म्हणजे ब्यारसंद्र, तावरेकेरे आणि मडिवाळ या तीन गावांची आद्याक्षरे. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. एचबीआर म्हणजे हेन्नूर-बेळ्ळारी रोड आणि एचआरबीआर म्हणजे हेन्नूर रोड-बाणसवाडी रोड. ज्या गावांच्या शेतांवर हे लेआउट उभे राहिले, ती गावे अशी इंग्रजी अक्षरांत गोठून राहिली. तेथे राहणाऱ्या अनेकांना या अक्षरांचा विस्तार सांगता येत नाही. तावरेकेरे म्हणजे कमळांचे तळे, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते.

लेआउटच्या आत एक उतरंड असते. मोठे लेआउट ‘स्टेज’, ‘फेज’, ‘ब्लॉक’ किंवा ‘सेक्टर’मध्ये विभागले जाते. त्यात एका दिशेने जाणारे रस्ते ‘मेन’ आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’. दोन्हींना क्रमांक. त्यामुळे पाहुण्याला तत्त्वतः नकाशाशिवाय घर सापडावे. प्रत्यक्षात ‘ए क्रॉस’, ‘बी क्रॉस’ असे पोटक्रमांक मध्येच उगवतात, एखादा मेन उद्यानापाशी संपतो आणि पलीकडे वेगळ्याच क्रमांकाने सुरू होतो. रिक्षावाले म्हणून शेवटी देवळाची किंवा औषधांच्या दुकानाची खूण विचारतात.

भूखंडाला येथे ‘साइट’ म्हणतात. महाराष्ट्रात ‘साहेब साइटवर गेलेत’ म्हटले तर बांधकाम चालू आहे असे समजतात. बंगळुरूत ‘साइट घेतली’ म्हणजे मोकळा प्लॉट घेतला. या साइटची मापे ठरलेली : वीस बाय तीस, तीस बाय चाळीस, चाळीस बाय साठ, पन्नास बाय ऐंशी फूट. मध्यमवर्गाच्या स्वप्नाचे माप ‘थर्टी-फॉर्टी’, म्हणजे बाराशे चौरस फूट. गुंठ्याच्या हिशोबात सांगायचे तर एका गुंठ्याहून थोडे अधिक, कारण गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो.

बीडीएच्या कायद्यानुसार तयार होणाऱ्या लेआउटमध्ये किमान १५ टक्के जागा उद्याने आणि खेळाच्या मैदानांसाठी व त्याशिवाय किमान १० टक्के जागा नागरी सुविधांसाठी सोडावी लागते. रस्त्यांची जागा वेगळीच. म्हणजे शेतजमिनीचा मोठा हिस्सा विक्रीला येतच नाही. शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय, बाग यांची सोय त्यातून होते. लेआउट या शब्दाचे खरे वजन या टक्केवारीत आहे. साइट विकत घेणारा केवळ बाराशे फूट विकत घेत नाही, तर कुणीतरी न विकलेल्या जागेतील आपला वाटाही घेतो.

शब्द तोच, जमीन वेगळी

या नियमांतून वाट काढण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. शहर वाढत होते, बीडीएचे भूखंड मागणीच्या मानाने थोडे होते आणि वाटपाला वर्षे लागत. तेव्हा एक मार्ग होता तो गृहनिर्माण सहकारी संस्थांचा. कारखान्यांतील कामगार, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्या संस्थांसाठी सरकार शेतजमीन संपादित करून देई. बंगळुरूतील अनेक लेआउटच्या नावांत आजही सार्वजनिक उद्योगांची आद्याक्षरे आढळतात, ती यामुळे. या मार्गाचा गैरवापरही झाला. एचएमटी कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये भूसंपादन रद्द ठरवले. सरकारने आधी मंजूर केलेली गृहनिर्माण योजनाच नसेल, तर अशा संपादनाला सार्वजनिक प्रयोजन म्हणता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. मध्यस्थाची भूमिकाही न्यायालयाच्या टीकेचा विषय झाली.

दुसरा मार्ग अधिक सोपा होता. शहराच्या कडेचे शेत घ्यायचे, त्यावर चुन्याने रेघा मारायच्या, कोपऱ्यांवर दगड रोवायचे, तोंडाशी एक कमान उभारायची आणि कमानीवर अमुक लेआउट असे लिहायचे. याला शहरात ‘रेव्हेन्यू लेआउट’ म्हणतात, कारण महसूल दप्तरी ती जमीन अजूनही शेतीच असते. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या ९५ व्या कलमाप्रमाणे शेतजमीन अन्य कामासाठी वापरण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडून तिचे रूपांतर करून घ्यावे लागते. स्थानिक भाषेत हे ‘डीसी कन्व्हर्जन’. रेव्हेन्यू लेआउटमध्ये एक तर हे रूपांतर नसते किंवा रूपांतर असून आखणीला मंजुरी नसते. दिसायला मात्र रस्ते असतात, क्रमांक असतात, फलकही असतो.

मराठी वाचकाने याला ‘गुंठेवारी’ म्हणावे, म्हणजे सारे चित्र उभे राहील. महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला. नागपूरच्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येणारे ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्दप्रयोग याच प्रश्नाशी संबंधित आहेत. तेथेही लेआउट या शब्दाने मंजूर आणि नामंजूर अशा दोन्ही वस्त्यांना सारखेच नाव दिले.

बंगळुरूत हा भेद महापालिकेच्या नोंदवहीत दिसतो. मालमत्तेच्या नोंदीला येथे ‘खाते’ म्हणतात. नियमात बसणाऱ्या मालमत्ता ‘ए खात्या’त आणि न बसणाऱ्या ‘बी’ नोंदवहीत, अशी पद्धत पडली. बी खाते ही मुख्यतः कर आकारण्यासाठीची नोंद आहे. मालक कर भरतो, वीज-पाणी बहुधा मिळते. पण बांधकाम नकाशाची मंजुरी आणि बँकेचे कर्ज या दोन ठिकाणी गाडी अडते. कराची पावती हातात असल्याने अनेकांना आपले घर अधिकृत आहे असे वाटत राहते. ते घर विकायला काढले, की अर्थ कळतो.

अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची ‘अक्रम-सक्रम’ योजना राज्याने आणली. अक्रम म्हणजे क्रम नसलेले आणि सक्रम म्हणजे क्रमाने लागलेले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये या योजनेला स्थगिती दिली. त्यानंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने बी खात्यांचे ए खात्यांत रूपांतर करण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी बृहत् बंगळुरू महानगरपालिका मोडून तिच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. खातेदारांच्या दृष्टीने प्रश्न जुनाच राहिला आणि त्यासाठी जायची कचेरी मात्र बदलली.

या शहरात साइट घेऊ पाहणाऱ्याला जाणकार म्हणून चार कागद आधी मागायला सांगतात : जमीन रूपांतराचा आदेश, सक्षम नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला लेआउट नकाशा, खात्याचा उतारा आणि प्रकल्प नवा असेल तर रेराची नोंदणी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार पाचशे चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्रावरील प्लॉटच्या प्रकल्पांनाही ही नोंदणी लागू आहे. कमानीवरचे नाव यांपैकी कशातच मोडत नाही.

सरकारी आखणीचीही परीक्षा

केवळ खासगी लेआउटच अडचणीत आले, असे समजणे चुकीचे ठरेल. उत्तर बंगळुरूतील अर्कावती लेआउटसाठी बीडीएने फेब्रुवारी २००३ मध्ये १६ गावांतील ३,३३९ एकर जमिनीची प्राथमिक अधिसूचना काढली. वर्षभराने अंतिम अधिसूचनेत २,७५० एकर उरले. काही जमिनी वगळल्या आणि त्यांना लागून असलेल्या घेतल्या, या तक्रारीवरून खटले झाले. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००५ मध्ये योजना रद्द केली, खंडपीठाने ती अटींसह उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१० मध्ये आला. तोही अटींसह. पुढे जमिनी वगळण्यावरून राजकीय वाद पेटला आणि २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती केंपण्णा यांच्या आयोगाकडे चौकशी गेली. या काळात भूखंड मिळालेल्या लोकांपैकी अनेकांच्या हाती वाटपपत्र होते, पण उभे राहायला जमीन नव्हती.

ज्ञानपीठ विजेते लेखक शिवराम कारंत यांच्या नावाच्या लेआउटची कथा जमीनमालकांच्या बाजूने ऐकण्यासारखी आहे. २००८ च्या अखेरीस १७ गावांतील ३,५४६ एकरांची प्राथमिक अधिसूचना निघाली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये योजना पुढे नेण्याचा आदेश दिला. मधल्या दहा वर्षांत त्या जमिनींवर घरे उठली होती. रद्द झालेल्या योजनेवर विसंबून बांधणाऱ्यांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमावी लागली. कागदावरच्या रेषा एकदा पुसून पुन्हा उमटल्या. त्या दरम्यान जमिनीवर माणसे राहायला आली होती.

पश्चिमेकडील नाडप्रभू केंपेगौडा लेआउट हे यांहून मोठे, २०१० च्या अंतिम अधिसूचनेनुसार ४,०४३ एकरांचे. त्याच्या भूखंडांचे वाटप २०१६ पासून सुरू झाले. पेठ नांगराने आखणाऱ्या केंपेगौडांचे नाव त्याला मिळाले, हे उचित म्हणायचे.

रेषांना आणखी एक प्रतिवादी आहे, तो म्हणजे पाणी. बंगळुरू हे नदीकाठचे शहर नाही. उतारावर एकाखाली एक बांधलेल्या तळ्यांची साखळी आणि त्यांना जोडणारे ओढे ही त्याची जुनी व्यवस्था. कुणी काढली नसली तरी आखणीच ती. नवी आखणी करताना या जुन्या आखणीवरून अनेक ठिकाणी रेघा ओढल्या गेल्या. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आले आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा क्रीडांगण. सप्टेंबर २०२२ मधील पावसात सर्जापूर रस्त्यालगतच्या महागड्या लेआउटमध्ये पाणी शिरले आणि संगणक कंपन्यांचे अधिकारी ट्रॅक्टरमध्ये उभे राहून कामावर निघाल्याची चित्रे देशाने पाहिली. त्या घरांच्या पत्त्यात मेन होते, क्रॉस होते, क्रमांकही होते.

नखाएवढ्या जागेतील लेआउट

याच शहरात लेआउट शब्दाचा आणखी एक अर्थ रोज हजारोंच्या कामाचा भाग असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये बंगळुरूत केंद्र सुरू केले आणि चिपच्या आराखड्याचे काम येथे आले. आज ‘लेआउट इंजिनीअर’ हे येथील रुळलेले पद आहे. विद्युतमंडलाची आकृती ठरल्यानंतर तिच्यातील प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक तार सिलिकॉनच्या तुकड्यावर कोठे आणि कोणत्या थरात बसेल, हे आखणे म्हणजे लेआउट. नगररचनेशी हे काम विलक्षण जुळते. येथेही रस्ते असतात, अंतरे राखावी लागतात आणि एका रेषेने दुसरीला भिडून चालत नाही.

फरक तपासणीच्या वेळेत आहे. चिपचा लेआउट कारखान्यात जाण्यापूर्वी त्याची प्रत्येक रेघ नियमांशी ताडून पाहिली जाते. दोन तारांतील अंतर ठरल्याहून कमी भरले, तर आराखडा परत येतो. रेव्हेन्यू लेआउटची तपासणी तेथे दुमजली घरे उभी राहिल्यावर, कधी मुले शाळेतून कॉलेजात गेल्यावर होते.

या आराखड्यांना संरक्षण देण्यासाठी संसदेने २००० साली सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन कायदा केला. नोंदणी झालेल्या आराखड्याला त्यात दहा वर्षांचे संरक्षण मिळते. कायद्याच्या नावातच लेआउट हा शब्द आहे. दिवसभर असे लेआउट आखणारा अभियंता संध्याकाळी घरी परततो, तो एचएसआर लेआउटला किंवा बीटीएमला. बसचा वाहकही थांब्याचे नाव ओरडताना ‘बडावणे’ म्हणत नाही, ‘लेआउट’च म्हणतो, प्राधिकरणाच्या कानडी फलकावर मात्र अजूनही ‘बडावणे’ लिहिलेले असते.